लुगडेवाल्यांचा गोठा

यंदा माझ्या भावानं, मारुतीनं, बेळगावच्या कॅम्पात दुधाचं दुकान टाकलं. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, नाव काय लिहू? मारुतीनं खुशाल सांगून टाकलं, "लुगडेवाले." रंगारी बिचारा ब्रश तसाच हातात धरून उभा. दूध विकणार की लुगडी, असं त्यानं दोनदा विचारून घेतलं म्हणे.

हे नाव गावानं आम्हाला चिडवायला ठेवलं होतं. त्यावरून मी एकवीस वर्षं लोकांशी भांडले आहे, लहानपणी एका पोराच्या दंडाला चावलेसुद्धा. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, ह्या पोरीला चूल लागत नाही, आपली आपणच तापते. आता घरच्यांनीच पाटी लावली म्हटल्यावर मी भांडू कुणाशी? तेव्हा ठरवलं, नाव कसं पडलं ते एकदा पहिल्यापासून सांगून टाकायचं. लोक अर्धंच सांगतात, आणि तेही हसतहसत.

आमची दावण एका रेडीपासून सुरू झाली. माझी आई मालुबाई निपाणीकडची. तिच्या लग्नात मामानं तिला आंदण म्हणून एक रेडी दिली आणि ती निपाणीपासून आमच्या गावापर्यंत तीन दिवस चालवत आणली. तिचं नाव साळू. विळ्यासारखी लांब शिंगं आणि स्वभाव नव्या सुनेपेक्षा हट्टी. आमच्या घरी तोवर भाताची शेती आणि नांगराचे बैल, दुभतं जनावर असं नव्हतंच. साळू आली, व्याली, आणि आईनं तिला जी हाताखाली घेतली ती दुसऱ्या कुणाला शिवू दिली नाही.

आमच्या भावकीत पुरुष म्हशीखाली बसत नसत. गवत आणावं, शेण काढावं, म्हैस धुवावी, पण धार काढणं हे बाईचं काम. त्यात माझे आप्पा, भरमू, म्हणजे तालमीतले पैलवान. पिळदार मिशा, मोडलेले कान, पंचमीच्या कुस्त्यांत मिळालेले तीन फेटे. ते चरवी हातात घेऊन उकिडवे बसलेत हे स्वप्नातही कुणाला दिसलं नसतं.

आईची धार काढायची एक रीत होती. आधी कोमट पाण्यानं कास धुवायची. मग मनगट दोनदा झटकून बांगड्या कोपराकडं सारायची. तो आवाज झाला की साळू मान वळवून बघायची, एक सुस्कारा टाकायची आणि पान्हा सोडायची. साळूच्या दोन रेड्या मोठ्या झाल्या, व्याल्या, त्यांनाही तीच सवय लागली. मी आईशेजारी बसून तिच्याच हातासारखा हात चालवायला शिकले.

तीन म्हशी झाल्या तेव्हा घरच्या चरव्या पुरेनात. कॅम्पात बाळंतिणी आणि तान्ह्या पोरांचा एक लहानसा दवाखाना होता. तिथल्या मडमेला जुन्या दूधवाल्याचा वीट आला होता, दुधात नदीच उतरलेली असायची. आप्पांनी जाऊन विचारलं. मडम स्वतः टांग्यातून आमच्या गोठ्यावर आली, आईनं राखेनं घासलेली भांडी तिनं उन्हात धरून बघितली, आणि होकार दिला. अट एकच. रोज उजाडता दूध पोचलं पाहिजे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही, कारण तान्ही पोरं उद्यापर्यंत थांबत नाहीत. आईला ही अट फार पटली. त्या दवाखान्याच्या जोरावर गोठा वाढवायचा, मोठ्या होतील तेवढ्या सगळ्या रेड्या घरीच ठेवायच्या, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग सव्वीस साली मारुती जन्मला, आणि तोही पंधरा दिवस आधी. आईनं धारेसाठी आपल्या निपाणीच्या बहिणीला बोलावून ठेवलं होतं, ती अजून पंधरा दिवसांनी यायची होती. बाळंतिणीनं बारा दिवस गोठ्यात पाय ठेवायचा नाही, हा नियम. नियम सांभाळायला आप्पांची थोरली बहीण नागुबाई, आमची आत्ती, हजर होती. आत्ती पोरपणी विधवा होऊन माहेरी आली होती आणि घरातले सगळे नियम तिला पाठ होते.

त्या संध्याकाळी आत्ती स्वतः चरवी घेऊन बसली. साळूनं तिला हुंगलं आणि पान्हा चोरला. पारडू लावून बघितलं, गूळ चारला, आंबोण पुढं ठेवलं. थेंब नाही. दुसऱ्या दोघींनीही तेच केलं. पहाटे आत्ती पुन्हा बसायला तयार होईना; मी बसून बघितलं, पण माझ्या इवल्या बोटांत सड पिळायचा जोर नव्हता. सकाळचं दूध आप्पांनी शेजारच्या धरणेंद्रअण्णांकडून मागून आणलं आणि कॅम्पात पोचवलं. धरणेंद्रअण्णांनी हात जोडून सांगितलं की आजचं झालं, उद्या त्यांच्या घरी पाहुणे आहेत, उद्याचं काही जमायचं नाही.

दुपारपर्यंत म्हशींच्या कासा टणक झाल्या. त्या उभ्याउभ्या हंबरत होत्या आणि आत खोलीत आई रडत होती. आणखी एक वेळ गेली तर म्हशी आटणार, आणि दूध पोचलं नाही तर दवाखाना जाणार. इतक्या वर्षांचं सगळं दोन दिवसांत जाणार होतं. मी आठ वर्षांची होते, तरी मला ते कळत होतं.

शेवटी आईनं दाराआडून आप्पांना हाक मारली.

"अवो, माझं गोठ्यातलं लुगडं खुंटीला हाय. धुतलेलं न्हाय. त्ये नेसा आन् बसा."

 आप्पा म्हणाले, "मालू, मी तालमीत जातो."

"व्हय. आन् तुमचा ल्योक काय पिणार हाय मोठा झाल्यावर? तालमीतली माती?"

आप्पा अंगणात तीन येरझाऱ्या घालून आले. मग त्यांनी खुंटीवरचं लुगडं काढलं, मला गोठ्यात बोलावलं आणि दार ओढून घेतलं. पैलवानाला लंगोट कसता येतो, नऊवारी नेसता येत नाही. मी नेसवलं. कासोटा त्यांच्या मांड्यांत पुरेना म्हणून निऱ्या कमी केल्या. पदर डोक्यावरून घेतला तरी खालून मिशा बाहेर. मला हसू फुटलं, पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघून ते मी गिळलं. कुणाला सांगणार नाहीस अशी त्यांनी माझ्याकडून साळूची शपथ घेतली.

साळूनं पदर हुंगला. ओळखीचा वास होता, ती जरा ढिली पडली, पण पान्हा सोडेना. कान टवकारून कसली तरी वाट बघत उभी राहिली. कसली ते मला एकदम कळलं. मी आप्पांच्या शेजारी बसले आणि माझ्या हातातल्या इवल्या बांगड्या दोनदा झटकून वाजवल्या. साळूनं सुस्कारा टाकला. आप्पांच्या आंगठ्याखाली पहिली धार चरवीत वाजली आणि एवढा मोठा माणूस ओठ चावून रडायला लागला. त्यांची धार वाकडीतिकडी, अर्धं दूध लुगड्यावर, पण दुसऱ्या दिवशी उजाडता घागर दवाखान्याच्या दारात होती.

चार दिवस असंच चाललं. पाचव्या संध्याकाळी आप्पांचा तालमीतला जोडीदार रवळू, आप्पा दिसले नाहीत म्हणून शोधत आला आणि त्यानं सरळ गोठ्याचं दार ढकललं. समोर पदर घेतलेले, मिशावाले आप्पा, गुडघ्यांत चरवी. रवळूला आधी कळेना आपण काय बघतोय. मग जो हसायला लागला तो दाराला धरूनच. मला वाटलं आप्पा आता उठतील, लुगडं फेकतील, रवळूला उचलून आपटतील. पण साळूचा पान्हा सुटला होता. धार अर्ध्यावर सोडली तर म्हैस खवळते, कास बिघडते. आप्पांचा हात थांबला नाही. त्यांनी मानही वर केली नाही.

"रवळू, हासायचं असलं तर भाईर जाऊन हास. म्हस बुजंल."

शेवटच्या थेंबापर्यंत पिळून मगच ते उठले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात आम्ही लुगडेवाले झालो. तालमीत आप्पांना बांगड्यांचा आहेर करू असं म्हणणारेही निघाले. आप्पा तरी तालमीत गेले, आणि संध्याकाळी वेळेवर लुगडं नेसून बसले. बारा दिवस दवाखान्याचं दूध एकदाही चुकलं नाही. तीन वर्षांनी रवळूची बायको तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा तो आमच्या आईकडं दबक्या आवाजात जुनं लुगडं मागायला आला. त्याच्या म्हशीला त्याच्याच बायकोचं लागेल हे आईनं त्याला समजावून सांगितलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो अजून पुरतोय.

त्यानंतर गोठा वाढतच गेला. तिनाच्या पाच झाल्या, पाचाच्या नऊ. कुडाच्या जागी दगडी भिंती आल्या. कावडीनं जाणारं दूध आधी बैलगाडीतून आणि मग मारुतीच्या सायकलवर झाकणाच्या डब्यांतून जायला लागलं. लढाईच्या वर्षांत कॅम्प पलटणींनी भरून गेला आणि दूध कितीही असलं तरी कमीच पडायचं. तरी दवाखान्याचा डबा आधी भरायचा, हा आईचा शिरस्ता कुणी मोडला नाही. दावणीला चौदा जनावरं झाली, त्यांतल्या सात-आठ कायम दुभत्या. साळू कधीच गेली होती, पण बहुतेक सगळ्या तिच्याच वंशातल्या, तिच्याइतक्याच हट्टी. कामाला दोन गडी होते, धार मात्र प्रत्येकीची आईच काढायची.

आणि मी? पंधराव्या वर्षी माझं चिकोडीकडं लग्न झालं. आठ वर्षांनी नवरा विषमज्वरानं गेला, मूलबाळ नव्हतं, मी माहेरी परत आले. आईला वाटत होतं मी धारेला बसावं. आत्ती आडवी आली. उघड्या हाताच्या बाईनं दुभत्या जनावरापुढं जायचं नाही, बरकत जाते. आत्तीनं स्वतः हा नियम जन्मभर पाळला होता, फक्त त्या एका संध्याकाळी अडचण म्हणून मोडला होता, आणि साळूनं तेव्हा पान्हा चोरला तो ह्याच कारणानं असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. थोरल्या नणंदेपुढं आई बोलली नाही. आप्पाही बोलले नाहीत, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. चौदा जनावरांच्या घरात मला चरवीला हात लावायची बंदी. माझ्याकडं शेणकुटं आणि कडबा. मी पाच वर्षं शेणी थापल्या. त्या भिंतीवर किती जोरात मारायचे ते सगळी गल्ली ऐकायची.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आई अंगणात कोसळली. कॅम्पातला डॉक्टर येऊन बघून गेला. उजवं अंग गेलं होतं, जीभ जड झाली होती, पण जिवाचा धोका टळला होता. आम्ही तिची बाज गोठ्याच्या दाराशीच टाकली, कारण घरात ठेवलं की ती डोळ्यांनी दाराकडंच बघायची.

त्या संध्याकाळी म्हशींनी पान्हा चोरला. आप्पा बसायला गेले, पण साठीला टेकलेल्या त्या पैलवानाचे गुडघे वाकेनात. पहाटे मारुतीनं कुणी सांगायच्या आत खुंटीवरचं लुगडं काढून नेसलं. शाळा शिकलेला, केसांना तेल लावून भांग पाडणारा माझा भाऊ, त्याला जराही लाज वाटली नाही. पण हात नवा. शेवंती नावाच्या म्हशीनं त्याला एका लाथेत चरवीसकट शेणात बसवलं. सगळ्यांच्या कासा दगड व्हायला लागल्या. सकाळचं दूध धरणेंद्रअण्णांच्या मुलानं दिलं. वीस वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच जागी येऊन उभे होतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी कुणाला विचारलं नाही. मारुतीच्या अंगावरचं लुगडं उतरवून घेतलं, नेसले, चरवी घेतली आणि शेवंतीखाली जाऊन बसले. आईच्या तब्येतीची चौकशी करायला आलेली गल्लीतली माणसं दारात उभी होती. आत्ती ओरडली ते ऐकू आलं, पण मी उठले नाही. शेवंतीनं पदर हुंगला, ढिली पडली, कान टवकारले.

मी सवयीनं मनगट झटकलं. काहीच वाजलं नाही.

नवरा गेला तेव्हा मी रडले होते. पण त्या क्षणी त्या मुक्या मनगटाकडं बघून मला जे भरून आलं तसं पुन्हा कधी आलं नाही. हात मला होते, आईचेच हात होते. म्हैस माझी वाट बघत होती. आणि मी वाजत नव्हते.

बाजेवरून आईनं काहीतरी आवाज काढला. तिनं डाव्या हातानं आपला निर्जीव उजवा हात उचलला होता आणि माझ्याकडं सरकवत होती. त्या हातात सहा हिरव्या बांगड्या होत्या. आप्पांना आधी कळलं. ते आतून तेलाची वाटी घेऊन आले, आईच्या शेजारी टेकले आणि तिच्या मनगटाला तेल लावून एकेक बांगडी काढायला लागले.

आत्तीनं कपाळाला हात लावला. "भरमू, जित्या सवाशिणीच्या हातातल्या काढतोस? आन् घालतोस कुणाला? आरं, लोक बघायल्यात."

आप्पा सहाही बांगड्या घेऊन माझ्याकडं आले. त्यांना खाली बसवत नव्हतं म्हणून मी हात वर केला. पाच वर्षं जे बोलले नाहीत ते आप्पा मग दाराकडं तोंड करून बोलले.

"ज्याला बोलायचं हाय, त्यानं भाईर जाऊन बोलावं. म्हस बुजंल."

दारात रवळूकाकाही होते, काठी टेकत आलेले. त्यांनी एकदा आप्पांकडं बघितलं आणि काठी आडवी धरून सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं. कुणी हसलं नाही.

आप्पांनी एकेक करून बांगड्या माझ्या हातात चढवल्या. चढवताना त्यांतली एक फुटली. पाच राहिल्या. मी मनगट दोनदा झटकलं. शेवंतीनं मान वळवली, सुस्कारा टाकला, आणि धार अशी सुटली की चरवी वाजायची थांबून भरायला लागली. बाजेवर आईनं डोळे मिटून घेतले. मी एकीखालून उठून दुसरीखाली बसत गेले, सातही जणी पिळून झाल्या तेव्हा माझी बोटं वळत नव्हती आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडता मारुती डबे घेऊन दवाखान्यात पोचला.

आत्तीनं दोन दिवस त्या दुधाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वाटी तिच्यापुढं ठेवून निघून गेले. परत आले तेव्हा वाटी रिकामी होती. ती म्हणाली, शेवंतीचं दूध आईच्या हातचं जरा दाट लागायचं. मी भांडले नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं.

आता आई भिंतीला धरून चार पावलं टाकते. बोलणं तुटक आहे, पण म्हशींना शिव्या घालण्यापुरतं येतं. दावणीला सतरा जनावरं आहेत आणि धार काढायला मी हाताखाली दोन पोरी शिकवून तयार केल्यात. त्यांना आधी बांगड्या वाजवायला शिकवते, मग पिळायला.

संक्रांतीला कासार गल्लीत आला. दरवर्षी तो आधी आमच्या दारात थांबतो. शेजारच्या चार बाया अंगणात जमल्या होत्या. त्यानं पेटी उघडली आणि आईचा उजवा हात मागितला, कारण तो मोकळा होता. आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि तेच त्याच्यापुढं केलं. पाचातल्या तोवर तीनच शिल्लक होत्या.

कासार आप्पांकडं बघत राहिला.  आप्पा कडबा तोडत होते, त्यांनी नुसतं विचारलं, "हिरव्या हाईत न्हवं?"

"हाईत की," कासार म्हणाला, आणि त्यानं माझ्या मापाच्या बांगड्या शोधायला घेतल्या.